चेन उघडली अन् पोरगी काढली

मूल झाल्याची बातमी आली की आपल्याकडं दोनच प्रश्न विचारतात. मुलगा की मुलगी? आणि नॉर्मल की शिजर? आई कशी आहे, हे विचारायचं कुणाला सुचलंच तर ते चहा पिऊन झाल्यावर. हर्सूलच्या मुक्ताबाई तर दुसरा प्रश्न आधी विचारायच्या. शिजर म्हटलं की त्यांचं तोंड कडू व्हायचं, जणू त्यांच्याच पदरचं काही गेलंय.

मुक्ताबाईंचा संसार झाला तो देवगाव रंगारीला. मुलगा इंद्रजीत कंपनीत लागला, त्यानं हर्सूलला दोन खोल्या बांधल्या, तेव्हा त्या शहरात आल्या. तोंडानं फटकळ, हातानं सढळ. शेजारच्या दीपमालाकडं पाहुणे आले की न बोलावता भाकरी थापायला जाणार आणि थापता थापता तिच्या पिठाला नावं ठेवणार. त्यांचं बोलणं कुणी मनावर घ्यायचं नाही, अशी गल्लीची रीतच पडली होती. निदान मुक्ताबाईंची तरी तशी समजूत होती.

त्यांच्या अभिमानाची गोष्ट एकच. "पाच बाळंतपणं झाली माझी. पाची घरात. दवाखान्याचं दार कसं असतंय, ठावं न्हाई." एका खेपेला म्हणे त्या सकाळी कापूस वेचत होत्या, दुपारी मोकळ्या झाल्या आणि संध्याकाळी चुलीपुढं बसल्या. ही गोष्ट दर वर्षी जरा वाढत असे. अलीकडं त्या संध्याकाळी चुलीवर पुरणपोळ्याही होऊ लागल्या होत्या. पाच बाळंतपणं, असं त्या म्हणायच्या. पाच लेकरं, असं कधी म्हणायच्या नाहीत. ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

सून सरिता हसरी आणि अबोल. तिच्या पहिल्या वेळी कळा नीट सुरू व्हायच्या आतच पाणी गेलं, पोटातल्या बाळाचे ठोके मंदावू लागले आणि डॉक्टरीणबाईंनी तिला तातडीनं ऑपरेशनला नेलं. रूपा जन्मली, ठणठणीत. आणखी उशीर झाला असता तर पोर हाती लागली नसती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मुक्ताबाईंनी नातीला तीट लावली, सुनेला डिंकाचे लाडू घातले, स्वतःच्या हातानं शेक दिला. मायेत काही कमी केलं नाही. मात्र संक्रांतीच्या हळदीकुंकवाला खोली बायकांनी भरलेली असताना कुणीतरी नेहमीचा प्रश्न विचारला आणि मुक्ताबाई म्हणाल्या, "आमच्या सरिताला कळा म्हंजी काय ते ठावंच न्हाई. डॉक्टरनं चेन उघडली अन् पोरगी काढली!"

असा हशा पिकला की दीपमालाच्या हातातले तीळगूळ सांडले. सरिताही हसली. वाण वाटता वाटता तिनं पदर पोटावर ओढून घेतला आणि पुढच्या बाईला हळदकुंकू लावलं.

मग ती चेन घरचीच झाली. सरितानं भरलेली घागर उचलली नाही की "चेन हाय बाबा तिला." रूपानं हट्ट धरला की "चेनीतनं आलीया, हट्टी निघणारच." मुक्ताबाईंच्या मनात खोट नव्हती, हे अगदी खरं. त्यांना तो लाडच वाटायचा. आणि सरिता दर वेळी हसायची, त्यामुळं कुणाला काही कळायचं कारणही नव्हतं.

रूपा दुडूदुडू चालू लागली तोवर सरिताला पुन्हा दिवस गेले होते. दिवस भरत आले तेव्हा सोनोग्राफी पाहून डॉक्टरीणबाईंनी बजावलं, की आधीचे टाके पातळ झालेत, त्यांना कळांचा ताण सोसणार नाही. सोमवारी या, ऑपरेशन करू. त्याआधी जरा जरी दुखलं तरी तसंच निघा. इंद्रजीतनं हे घरी येऊन सांगितलं, तेव्हा मुक्ताबाई रूपाला वरणभात भरवत होत्या.

"तारीख काढायला लगीन हाय का?" त्या म्हणाल्या. "लेकरू आपल्या वेळंला येतंय. पर करा बाबा, तुमच्याकडं चेनच हाय." इंद्रजीत हसला. सरिता ताटं उचलत होती, तिनं मान वर केली नाही.

सोमवार यायच्या आधीच, शनिवारी, कळा आल्या. इंद्रजीत पहिल्या शिफ्टला गेलेला. सरितानं भाकरी केल्या. मध्येच ओट्याची कड धरून थांबली.

"काय गं?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"काय न्हाई आत्याबाई, पाय अवघडलेत."

मग ती धुणं घेऊन मोरीत बसली. मुक्ताबाई दारात लसूण सोलत होत्या. दीपमालाला म्हणाल्या, "बघ, शेवटपस्तोर काम करती माझी सून. असल्या बाईला लई सोपं जातंय." सुनेचं एवढं कौतुक त्यांनी चारचौघींत कधी केलं नव्हतं. मोरीतला नळ नेमका तेव्हाच बंद होता, त्यामुळं सरितानं ते ऐकलं. ऐकलं आणि नळ पुन्हा मोठा सोडला.

दुपार झाली तरी पाणी वाहतच होतं. "पाणी वाया चाललंय की गं!" असं ओरडत मुक्ताबाई आत गेल्या. सरिता भिंतीला टेकून बसली होती. चेहरा पिठासारखा पांढरा, कपाळावर घाम, दातांत टॉवेलचं टोक. चावून चावून त्याच्या दशा लोंबत होत्या. तो टॉवेल पाहिला आणि मुक्ताबाईंनी नळ बंद केला. स्वतः पदराचं टोक असं चावलेली बाई ती. तिला कुणी समजावून सांगायला नको होतं.

"कवापासून?"

"पहाटंपासून." सरिताचा आवाज खोल गेला होता. "आता थांबल्या बघा. आत कायतरी टर्रकन झालं अन् थांबल्याच."

दीपमालानं रूपाला आपल्या सासूजवळ सोडलं आणि पळत जाऊन रिक्षा आणली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सरिताच्या पोटावर हात ठेवला आणि लगेच स्ट्रेचर पुढं ढकललं. जाता जाता एवढंच म्हणाल्या, "दुखल्याबरोबर आणा म्हटलं होतं ना?"

बाकावर बसल्या बसल्या त्यांना देवगावचं ते बाळंतपण आठवलं, जे त्यांच्या गोष्टीत कधी आलं नव्हतं. लेकरू आडवं आलेलं. दोन दिवस त्या तडफडल्या, सुईणीनं हात टेकले, आणि शेवटी निघालं ते थंडगार. पुढच्या खेपेचं निळं पडलेलं होतं, तेही रडलं नाही. सासू म्हणाली होती, रडायचं न्हाई, दुसरं हुईल. मग त्या रडल्या नाहीत. सोसणं तेवढं हाती उरलं होतं, त्याचाच त्यांनी दागिना करून जन्मभर मिरवला.

"दीपे," त्या हळूच म्हणाल्या, "तवा माझी चेन उघडणारं कुणी असतं, तर माझी पाची असती गं." दीपमालाला आधी काही कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

इंद्रजीत कंपनीच्या कपड्यांतच आला. थोड्या वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. पिशवी जुन्या टाक्यांवर फाटली होती. मुलगा होता, तो गेला. पिशवी काढून टाकावी लागली, आता पुन्हा मूल होणार नाही. सरिता वाचली. इंद्रजीत जिथं उभा होता तिथंच फरशीवर खाली बसला.

सरिता शुद्धीवर आली तेव्हा त्याला उठवेना, म्हणून मुक्ताबाई एकट्याच आत गेल्या. तिला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. सासूला पाहून तिच्या कोरड्या ओठांवर हसू आलं.

"आत्याबाई, मी वरडले न्हाई. एकदा बी."

"न्हाई वरडलीस, माय."

"शेवटाला चेनच उघडली. पर कळा सोसल्या का न्हाई मी?"

"सोसल्यास. लई सोसल्यास गं."

सरितानं डोळे मिटले. मोठ्या परीक्षेत पास झालेल्या पोरीसारखी ती दिसत होती. "मग औंदा हळदीकुंकवाला सांगा समद्या बायांना," ती म्हणाली. मग डोळे उघडून तिनं खाटेच्या या बाजूला पाहिलं, त्या बाजूला पाहिलं. "बाळ कुणाजवळ दिलंय?"

मुक्ताबाईंनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. सांगायला तोंड उघडलं. पाच बाळंतपणांत दातांखाली दाबून ठेवलेलं सगळं तेव्हा त्यांच्या तोंडून बाहेर पडलं. त्या एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की बाहेर फरशीवर बसलेला इंद्रजीत उठून आत धावला, आणि सरिताला तिचं उत्तर मिळालं.