राखून ठेवलेल्या दोन पिशव्या

रुग्णालयात त्यांना सगळे चिक्कूबाई म्हणतात. तोंडावर नाही, तोंडावर मॅडम. रक्तपेढीच्या या डॉक्टर चणीने बारीक, आवाजाने खणखणीत. तळमजल्यावरच्या त्यांच्या खोलीत काचेच्या दारांचे फ्रिज दिवसभर घरघरत असतात आणि वॉर्डातून रक्ताची मागणी आली की बाईंचा प्रश्न ठरलेला: "कशासाठी?" या प्रश्नावर न चिडणारा सर्जन त्या इमारतीत अजून रुजू व्हायचा आहे.

नवरा चेष्टा करतो. "घरातले दिवे रात्रभर जळत राहिले तरी तुला पत्ता नसतो आणि तिथे म्हणे थेंबाथेंबाचा हिशेब!" बाई हसत नाहीत. रक्त बाजारात मिळत नाही, कारखान्यात होत नाही. कुणीतरी बाही वर सरकवून ते देतो आणि वॉर्डात कुणीतरी 'जरा तरतरी येईल' म्हणून ते लावून टाकतो.

त्या सकाळी प्रसूती विभागातून फोन आला. तिथली डॉक्टर त्यांची कॉलेजपासूनची मैत्रीण.

"अगं, ओ निगेटिव्ह बाई आहे. वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी आहे, रक्त आधीच कमी. दुपारीच सिझेरियन करतेय. दोन पिशव्या हाताशी ठेव. आणि 'कशासाठी' विचारलंस तर वर येऊन मारीन."

बाईंनी विचारलं नाही. पण त्या गटाच्या असलेल्या दोन्ही पिशव्या पहाटेच हाडांच्या वॉर्डात गेल्या होत्या. त्याच गटाच्या एका आजोबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. गुडघ्याला क्वचितच रक्त लागतं, पण हाडांचे सर्जन प्रत्येक ऑपरेशनला दोन पिशव्या मागवतात. 'असू दे हाताशी.' त्यावरून बाईंचं आणि त्यांचं वर्षभर वाजत होतं.

बाईंनी वर फोन लावला तर कळलं, ऑपरेशन झालंच नाही. टेबलावर घेतल्यावर आजोबांची छाती वाजायला लागली, म्हणून भूल देणाऱ्यांनी परत पाठवलं. बाईंचा जीव भांड्यात पडला. पिशव्या बर्फाच्या पेटीत बंद असणार, म्हणजे अजून चांगल्या. लिफ्टची वाट न पाहता त्या जिन्याने वर धावल्या.

हाडांच्या वॉर्डातल्या सिस्टर कामाला चोख. त्यांनी अभिमानाने औषधांचा फ्रिज उघडला. इंजेक्शनांच्या खोक्यांमागे, कुणाच्या तरी डब्याला टेकून, दोन्ही पिशव्या नीट मांडून ठेवल्या होत्या.

"पेटीतून कधी काढल्या?" बाईंनी विचारलं.

"केस रद्द झाली तेव्हाच. पेट्या लगेच परत करा म्हणून तुमचीच कटकट असते ना, मॅडम? पेटी खाली पाठवली. रक्त ठेवलं उद्यासाठी. थंड आहेत की, हात लावून बघा!"

बाईंनी हात लावला नाही. तो फ्रिज दर दोन मिनिटांनी उघडतो. आत किती गार, किती कोमट, कुणी मोजत नाही. अशा रक्तात जंतू वाढले असतील तर बाहेरून दिसत नाहीत. पिशव्या फेकाव्या लागणार होत्या. पेट्यांची कटकट मात्र खरंच त्यांची होती, त्यामुळे ओरडायचं कुणावर हाही प्रश्नच होता.

तेवढ्यात सर्जन आले.

"गुडघ्याला दोन पिशव्या कशाला लागतात हो?" बाई म्हणाल्या.

"लागत नाहीत. पण ज्या दिवशी लागतील आणि नसतील, त्या दिवशी शिव्या मला पडतील. तुम्हाला नाही."

"लागल्या तर मी पाच मिनिटांत वर पाठवते, हे किती वेळा सांगू?"

"लिफ्ट बंद असली तर?"

लिफ्ट महिन्यातून दोनदा बंद पडायचीच.

खाली येऊन त्यांनी गावातल्या रक्तपेढ्यांना एकेक करून फोन लावले. एकीने नाही म्हटलं, दुसरीने उचललाच नाही. तिसरीकडे एक पिशवी होती. एकच. ड्रायव्हर निघाला आणि इकडे त्या गरोदर बाईला रक्तस्राव सुरू झाला. मैत्रिणीला थांबता येईना. बाई थिएटरच्या दाराशी उभ्या राहिल्या. आतून बाळ रडल्याचं ऐकू आलं, मग बराच वेळ नुसती भांड्यांची आदळआपट. पिशवी आली, जुळवणी झाली, बाईंनी ती स्वतः आत नेऊन दिली. ती अर्धी संपेपर्यंत रक्तस्राव थांबला.

संध्याकाळी रक्ताची तपासणी चांगली आली. बाळंतीण उठून पाणी प्यायली, मुलीला जवळ घेतलं. मैत्रिणीचा फोन आला, "तिच्या सासूबाई माझं डोकं खातायत. आणखी एक पिशवी कुठून तरी आण ना, विषय मिटेल."

"तिला गरज आहे?"

"नाही गं. पण तू येऊन सांग."

बाई गेल्या. सासू कॉटच्या पायथ्याशीच बसली होती, मुलगा शेजारी उभा.

"डॉक्टरीणबाई दोन बाटल्या म्हणाल्या होत्या," सासूने सुरुवात केली. "एकीवर भागवलंत. रक्त आमच्या सुनेचं गेलंय, ताई, तुमचं नाही."

"आजी, दोन तयारीला हव्या होत्या. काम एकीत झालं. आता लोहाचं सलाइन लावू, त्याने भरून येईल. दुसऱ्याचं रक्त उगीच घालू नये, त्याचाही त्रास होतो."

"म्हणजे दुसरी नव्हतीच तुमच्याकडे."

"नव्हती. पण असती तरी आता दिली नसती."

"ऐकलंस रे?" सासू मुलाकडे वळली. "असती तरी दिली नसती म्हणते!"

कॉटवरची सून डोळे मिटून म्हणाली, "आई, मी बरी आहे."

"तू गप्प पड."

बाईंनी स्टूल ओढलं, बसल्या आणि अगदी पहिल्यापासून, सावकाश, सगळं पुन्हा सांगितलं. मुलाने मान डोलवत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पटलं, मॅडम. पण दोन सांगितल्या होत्या ना?"