शिंपल्यांची पूड

मी शेडमध्ये पाऊल टाकलं की काकू टाळी वाजवायच्या. एकच. "उठा रे, यादीवाले आले!" पक्षी धडपडत उठत, पण काकूंचं लक्ष उठणाऱ्यांकडे नसे. बसून कोण राहिलं, तेवढंच त्या बघायच्या.

यादीवाला म्हणजे मी. श्रीवर्धनकडच्या ब्रॉयलर शेडांवर कंपनीचा सुपरवायझर म्हणून माझी फेरी असते; त्यातलीच एक शेड काकूंची. वजन, पाणी, खाली अंथरलेलं तूस, मरतूक. वहीत प्रत्येकापुढे खूण.

ब्रॉयलर जवळून पाहिला असेल तर तुम्हाला ठाऊक असेल. पाचव्या आठवड्यात अंग दोन किलोचं होतं, पाय मात्र मागे राहतात. काही पक्षी बसतात ते बसतातच, पाण्यापर्यंतही पोचत नाहीत. असे पक्षी वेळीच काढायचे, म्हणजे मारायचे, हा नियम. काकूंनी मात्र त्यांना कोपऱ्यात जाळी लावून दिली होती आणि प्रत्येकाच्या चोचीपुढे पाण्याची वाटी.

"काकू, हे काढायला हवेत."

"काढू की. आज न्हाय. त्यो बघा, सकाळी एक पाऊल टाकलान."

"कुठे? बसलाय की."

"तुमच्यासमोर कसा टाकील? लाजतो."

मागच्या अंगणात तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा ढीग असायचा. शेजारच्या घरांतून काकू त्या मागून आणत आणि वरवंट्याने कुटत. वाडीतल्या गावठी कोंबड्या शिंपल्या टिपतात, हे सगळ्यांनाच माहीत. मी वहीत लिहिलं : ढीग, उंदीर होतील, हटवणे. कशासाठी कुटता, हे विचारलं नाही.

एका बॅचला बसणारे फारच वाढले, म्हणून मी डॉक्टरांना घेऊन गेलो. त्यांनी मेलेल्या पक्ष्याच्या पायाचं हाड काढून वाकवलं. मोडलं नाही. ओल्या काडीसारखं वाकलं.

"खाद्यात वरून काही घालता?"

"व्हय तर!" काकू खुलल्या. "शिंपल्यांची पूड. रोज, मूठ मूठ. हाडं घट व्हायला."

डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. खाद्यात चुना मोजून घातलेलाच असतो. त्यावर आणखी पडला की हाडाला लागणारा फॉस्फरस अंगी लागत नाही, आणि हाड मऊच राहतं.

काकू पदराला हात पुसत राहिल्या. हात कोरडेच होते.

"म्हंजे मीच बसवलं त्यांना?"

"नुसत्या शिंपल्यांनी नाही, काकू. ही जातच वजनाला जड."

"तुम्ही चांगलं बोलताय. पण खायला मी घातलं ना."

जाळीआडचे पक्षी त्याच दुपारी काढले. काकूंनी वाट्या धुऊन जाळीशी पालथ्या घातल्या. पुढची बॅच त्यांच्या पुतण्याने घेतली. काकू पुन्हा शेडमध्ये आल्या नाहीत, आणि गणपतीनंतर त्या गेल्या.

परवा फेरीला गेलो होतो. शिंपल्या बंद होऊन दोन बॅचा झाल्यात. खाद्य फक्त कंपनीचं. वहीतल्या खुणा झाल्या, आणि निघता निघता मी एक टाळी वाजवली.

पक्षी उठले. सात-आठ बसूनच राहिले.

काकू असत्या तर मी त्यांना हात धरून आणून दाखवलं असतं.

पुतण्याला म्हटलं, "हे काढायला हवेत."

"काढतो," तो म्हणाला.

जाळी अजून तिथेच होती. मी एक वाटी सुलटी केली. मग पुन्हा पालथी ठेवली.