गप्प बसलेली नवरी

सिनेमातली बाई रडायला लागली की आमच्या जाफराबादच्या बायका ढसाढसा रडायच्या, आणि ती कशापायी रडून राह्यली हे अर्ध्या जणींना ठाऊकच नसायचं. बाजारापुरतं हिंदी सगळ्यांना यायचं, पण सिनेमातली उर्दू डोक्यावरून जायची. मंग टुरिंग टॉकीजच्या तंबूत बायकांच्या मधोमध माझी मैत्रीण बसायची आणि सगळं मराठीत करून सांगायची. हिरोचं जाड्या आवाजात, हिरॉईनचं लाडात. पदरचंही बरंच घालायची, पण ते कुणाला कळत होतं!

तिचा आजा समुद्रापलीकडच्या सोमाली मुलखातून निजामाच्या फौजेत आल्ता. पोलीस अ‍ॅक्शननंतर बापाची फौजेतली नोकरी गेली आणि तो कापसाच्या जिनिंगवर राखणीला लागला. आमची घरं भिंतीला भिंत लागून होती.

तिचं लग्न हैदराबादच्या त्यांच्याच लोकांतल्या एका बिजवराशी ठरलं. तिला तो नको होता. पण मला म्हणाली, घाबरू नकोस. सिनेमात काझी विचारतो, नवरी कबूल म्हणत न्हाई, आणि लग्न मोडतं. मीबी तोंड उघडणार न्हाई. मला बिलकुल पटलं. एवढी तोंडाळ पोरगी गप्प बसणार म्हटल्यावर लग्न मोडेल न्हाईतर काय होईल?

कुवाऱ्या पोरींना नवरीपाशी बसू देत न्हाईत, पण तिनं हट्ट करून मला बसवून घेतलं. खोलीत उदाचा धूर कोंडला होता. नवरीचा होकार घ्यायला नेमलेला वकील आणि साक्षीदार पडद्याशी आले. वकिलानं विचारलं. ती गप्प. पुन्हा विचारलं. गप्प. मी मनातून खूश होते, की आता होणार गोंधळ. तिसऱ्यांदा विचारून ती माणसं निघून गेली, आणि बाहेर एकदम मुबारक, मुबारक सुरू झालं.

मला काही समजेना. कोण हो म्हणालं? कधी म्हणालं? मी बाजूच्या म्हातारीला विचारलं, तर ती माझ्यावरच खेकसली. कुवारी पोरगी गप्प राह्यली म्हणजे तेच तिचं हो, एवढंबी कळत न्हाई का, म्हणाली.

सातव्या दिवशी त्यांच्या रीतीनं लग्न झालेल्या बाया गाणी म्हणत नवरीभोवती फिरल्या. एकेकीनं तिच्या डोक्यावर रुमाल टाकला, आणि ती त्यांच्यातली झाली. ती हसून राह्यली होती की रडून, मला ओळखू येईना. जवळ जाऊन मी कानात विचारलं, तू सरळ 'न्हाई' का म्हणाली न्हाईस?

ती म्हणाली, "न्हाई म्हणणारी नवरी कुठल्या सिनेमात पाह्यली होती गं आपण?"

पुढल्या उन्हाळ्यात केदारखेड्याच्या घराशी माझं जमलं. माणूस कसा आहे, देव जाणे. हो म्हणावं की न्हाई, माझं मलाच ठरेना. पण गप्प मात्र बसायचं न्हाई, विचारलं की मोठ्यानं बोलायचं, एवढं पक्कं केल्तं. अंतरपाटाआड उभी राहून मी वाट पाह्यली. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट निघाला, अक्षता पडल्या. मला विचारायला कुणी आलंच न्हाई.