ड्रायव्हरमागची खिडकी

आमच्या कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची खिडकी ही वाटेल त्याने बसावं अशी जागा नव्हती. सकाळी पंचवटीतून अंबडला जाताना ऊन बसच्या डाव्या अंगाला येतं, आणि संध्याकाळी परततानाही डाव्याच अंगाला. त्यामुळे उजवीकडे बसणारा दोन्ही वेळचा सुखी. त्यातही ही पहिली खिडकी म्हणजे पाय लांब करायला जागा आणि मागच्या चाकांचे दणके नाहीत. असल्या जागेसाठी माणसं एरवी रोज भांडली असती. आमच्याकडे भांडण नव्हतं, कारण रिवाज होता. जो त्या खिडकीत बसायचा तो निवृत्त होताना, शेवटच्या दिवशीच्या परतीच्या फेरीत, बस द्वारकेला अडकली की उठून उभा राहायचा आणि आपल्यानंतर तिथे कोण बसणार ते सगळ्यांदेखत सांगायचा. बस बदलल्या, ठेकेदार बदलले, कंपनीचं नावसुद्धा एकदा बदललं. हा रिवाज काही बदलला नाही. साहेब लोक आपापल्या गाड्यांनी यायचे, त्यांना याचा पत्ताही नव्हता.

ती खिडकी मला मिळाली तेव्हा मी राजीनामा द्यायच्या बेतात होतो. खरं सांगायचं तर वर्ष-दीड वर्ष नुसता बेतातच होतो.

माझं काम तक्रारींचं. आम्ही बनवलेला भाग गिऱ्हाईक कंपनीत नापास झाला की तो परत यायचा आणि माझ्या टेबलावर पडायचा. मग मी 'व्हाय-व्हाय' करायचो. कारखान्यांत सगळीकडे हा प्रकार असतो. चूक का झाली ते विचारायचं, जे उत्तर येईल त्यालाही 'का' विचारायचं, असं पाच वेळा खोदलं की म्हणे मूळ कारण सापडतं. कल्पना चांगली आहे. पण आमच्याकडे खोदकाम कुठे थांबवायचं ते आधीच ठरलेलं असे. डाय, म्हणजे भागाला आकार देणारा साचा, झिजलेली आहे हे शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. ती बदलायची नाही हेही माहीत होतं. मग पाचव्या 'का'ला उत्तर उरायचं एकच, ऑपरेटरचं दुर्लक्ष. त्यावर उपाय काय, तर ऑपरेटरला पुन्हा प्रशिक्षण दिलं. साहेब फोनवर एवढंच म्हणायचे, 'क्लोज कर.' मी क्लोज करायचो आणि दुपारी त्याच ऑपरेटरच्या शेजारी बसून डबा उघडायचो. माझ्या सहीने तो बेपर्वा ठरलेला असायचा आणि मला आग्रह करकरून लोणचं वाढत असायचा.

त्याआधी मी कंपनीच्या प्रशिक्षण विभागात होतो. नव्याने लागलेल्यांना लेथवर उभं करायचं, हात कुठे ठेवायचा, मशीनचा आवाज बदलला तर काय समजायचं, हे शिकवायचं. ते दिवस मजेत गेले. मग खर्च कमी करायचा म्हणून तो विभागच बंद केला आणि मला तक्रारींत ढकललं.

रविवारी दुपारची जेवणं आटोपली की माझं बिनसायला सुरुवात व्हायची. बसल्या जागी पाय हलवायची खोड लागली. बायको म्हणायची, या पायाला शिलाई मशीन जोडलं असतं तर एव्हाना सगळ्या गल्लीचे ब्लाउज शिवून झाले असते. दूध उतू गेलं की मुलगी मला चिडवायला 'का? का? का?' करत मागे लागायची. मी खेकसायचो, मग वाईट वाटायचं, मग गाडी काढून गोदेच्या कडेने उगाच एक चक्कर मारून यायचो. चक्कर मारून आल्यावरही जीव थाऱ्यावर नसायचा. घरी आलो की पुन्हा बाहेर जावंसं वाटायचं.

बायकोचं माहेर सटाण्याचं. तिच्या भावाने कळवलं, तिथे एका आयटीआयमध्ये तासिका तत्त्वावर शिकवायला माणूस हवा आहे. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्याचेच पैसे, सुट्टीत काही नाही, आणि पुढच्या वर्षी बोलावतील याचा भरवसा नाही. इकडे मी कायम. एमआयडीसीतल्या माणसाला 'पर्मनंट' हा शब्द पदवीहून मोठा असतो, माझं लग्नसुद्धा त्याच शब्दावर जमलं होतं. तो टाकून जायचं आणि वर आठवड्यातले पाच-सहा दिवस सासुरवाडीत मुक्काम, म्हणजे चाळिशीच्या उंबरठ्यावर घरजावई. सासूबाईंच्या कानावर घातलं तर त्या फोनवर अहिराणीत म्हणाल्या, "हातमा काम शे ना, मंग कसाले सोडतस?" राहायचं म्हटलं की पळून जावंसं वाटे, आणि जायचं ठरवलं की महिन्याच्या महिन्याला खात्रीने येणारा पगार आठवे. मेहुण्याला मी 'कळवतो' म्हणालो आणि कळवतच राहिलो.

अशात काका निवृत्त झाले. काका पेंट शॉपमध्ये सुपरवायझर, मूळचे चांदवडकडच्या एका खेड्यातले. कंपनीत सगळेच त्यांना काका म्हणायचे. मी लागलो तेव्हापासून ड्रायव्हरमागच्या खिडकीत मी त्यांनाच पाहत आलो होतो. आमच्यात नमस्कारापलीकडे बोलणं नव्हतं. त्यांच्यानंतर ती जागा स्टोअरमधल्या एका सहकाऱ्याला मिळणार हे सगळी बस धरून चालली होती. त्याचे गुडघे गेलेले होते, बिचारा मागच्या सीटवर एक पाय वाटेत सोडून बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या शिव्या खायचा.

त्या संध्याकाळी बस द्वारकेला अडकली. काका उठले. सत्कारात मिळालेली शाल काखेत, नारळ हातात. त्यांनी सगळ्या बसवरून नजर फिरवली आणि माझ्याकडे बोट केलं. "हा बसंल," एवढंच म्हणाले.

टाळ्या झाल्या. पेढे फिरले. स्टोअरवाल्यानेही टाळ्या वाजवल्या, ते मला जास्त लागलं. नको म्हणावं असं ओठांवर आलं होतं, पण निवृत्तीच्या दिवशी वडीलधाऱ्या माणसाचा शब्द सगळ्यांसमोर कोण मोडणार? शिवाय मनात म्हटलं, महिन्या-दोन महिन्यांत आपण जाणारच आहोत, तेवढ्यापुरतं बसू.

पण त्या खिडकीने माझं भलतंच करून टाकलं. लोक मला जुना माणूस समजायला लागले. कुणी पीएफचं विचारायचं, कुणी पोराच्या ॲप्रेंटिसशिपसाठी शब्द टाका म्हणायचं. मला यायला उशीर झाला तर बस थांबायची. एकदा ड्रायव्हर आरशातून बघत म्हणाला की तुमची अजून लय वर्षं हायेत, निवांत बसा. त्याहून वाईट म्हणजे ती जागा खरोखरच छान होती. वारा यायचा, सावली असायची, मला तिथे झोप लागायची. कंपनीत उतरलं की तीच डाय आणि तोच पाचवा 'का' होता, पण सकाळ-संध्याकाळची ती सावली दिवसाला दोन्ही बाजूंनी आधार द्यायची. बसमध्ये पाय हलायचा थांबला. सटाण्याला फोन करायचंही मी विसरायला लागलो. घरी मात्र पाय पहिल्यापेक्षा जोरात हलायचा, आणि मुलीने 'का' म्हणणं सोडून दिलं होतं.

शेवटी मेहुण्यानेच फोन केला. सत्र सुरू होतंय, ते लोक दुसरा माणूस बघतील, या आठवड्यात काय ते सांगा, असं म्हणाला. आवाजात वैताग होता आणि तो बरोबरच होता. त्या रात्री मला धड झोप आली नाही, आणि सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर थांब्यावर जाऊन उभा राहिलो.

काका तिथे होतेच. निवृत्त झाल्यावरही ते रोज सकाळी बसच्या वेळेला यायचे. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून चहाच्या टपरीच्या बाकावर बसायचे, बस आली की सगळ्यांना हात करायचे आणि बस गेली की घरी जायचे. लोक त्यांची थट्टा करायचे. काकांना कंपनीने हाजरी लावायला ठेवलंय, म्हणायचे. मी शेजारी बसलो, चहा सांगितला, आणि इतके दिवस मनात होतं ते विचारून टाकलं.

"काका, ती जागा मला का दिलीत? त्याचे गुडघे तुम्हाला माहीत होते."

काकांनी बशीतल्या चहावर फुंकर मारली. "तुझं जाऊ जाऊ चाललं व्हतं ना? मला दिसत व्हतं. बसमध्ये तुझा पाय थांबायचा नाय." मग एक घोट घेऊन म्हणाले, "ज्याचं मन उडालं त्यालाच ती देत्यात. म्हणजे टिकतो मानूस. मला बी तशीच दिली व्हती. मी गावाकडं पोल्ट्री टाकणार व्हतो. शेड कुठं घालायची ते बी बघून ठेवलं व्हतं. मग एका म्हाताऱ्यानं भर बसमध्ये माझ्याकडं बोट केलं. बसलो. म्हटलं, थोडे दिवस बसू."

त्यांचे केस तेव्हा काळे असणार. मी विचारलं, "मग राहिलात ते बरं झालं का?"

काका रस्त्याकडे बघत राहिले.

"खिडकी चांगली व्हती रे," ते म्हणाले. "ऊन नाय लागलं कधी."

मला त्यांचा राग आला. भयंकर राग आला. आपण होऊन कुणी माझ्या आयुष्यात हात घालावा, तोही इतक्या मायेने, याचाच राग आला. मायेने केलेल्या गोष्टीवर ओरडताही येत नाही. तेवढ्यात बस आली. ड्रायव्हरने माझ्यासाठी थांबवून हॉर्न दिला. मी त्याला जा म्हणून हात केला. त्याने पुन्हा हॉर्न दिला, खिडकीतून दोन-चार डोकी बाहेर आली, मी पुन्हा हात केला. बस गेली. मागे बाकावर काका आणि मी, दोघंही इस्त्रीच्या शर्टात, हातात चहा घेऊन. मला तिथे क्षणभरही बसवेना. चहा अर्धा टाकून मी उठलो.

घरी बायको शाळेत जायच्या घाईत होती. ती एका खाजगी शाळेत शिकवते. काय विसरलात, असं तिने विचारलं. मी म्हटलं, काही नाही, आज गेलोच नाही. तिने गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ती पगाराचं काढेल, मुलीच्या शाळेचं काढेल. ते सगळं तिच्या चेहऱ्यावर येऊन गेलेलं मी पाहिलं.

"भावाला आत्ता फोन करा, माझ्यासमोर," ती म्हणाली. "आईला मी सांगते. घरजावई म्हणून कुणी हसलं तर हसू दे, मला त्या हलणाऱ्या पायाचा कंटाळा आलाय."

राजीनामा घेऊन गेलो तेव्हा साहेबांनी विचारलं, का? एकदाच विचारलं. मी म्हटलं, डाय झिजलीय. त्यांना फोन आला, ते तिकडे वळले.

शेवटच्या दिवशी बसमध्ये सगळ्यांचीच पंचाईत झाली. त्या खिडकीतून आजवर कुणी मधेच उठून गेलं नव्हतं, त्यामुळे अशा वेळी काय करायचं ते रिवाजात नव्हतंच. पेढे मीच आणले होते. नेमकी त्या दिवशी द्वारकेला बस अडकली नाही. मी चालत्या बसमध्येच दांडा धरून उभा राहिलो आणि स्टोअरवाल्याकडे बोट केलं. मागून एक-दोघं कुरकुरले, निवृत्त झाल्याशिवाय अशी देता येत नाही म्हणाले. स्टोअरवाला पुढे आला, बसला, दुखरा पाय लांब केला आणि त्याने डोळे मिटले. उरलेला रस्ता मी उभ्यानेच आलो.

सटाण्यात सगळं गोड आहे असं नाही. पैसे उशिरा येतात. सासूबाई पहिली भाकरी मला वाढतात आणि काही बोलत नाहीत, त्याचा मला बोलण्यापेक्षा जास्त त्रास होतो. पुढच्या वर्षाचं काय, हा विचार आठवड्यातून दोनदा तरी झोपेतून उठवतो. शनिवारी नाशिकला जाणाऱ्या एसटीत मी डाव्या बाजूला की उजव्या ते न बघता मिळेल तिथे बसतो. पण लेथ सुरू झालं, समोरची पोरं वाकून बघायला लागली, की मी काय खरं आहे तेच सांगतो. पात्याची धार गेली असेल तर धार गेली म्हणतो. एवढं एक सुख आहे.

दिवाळीच्या सुट्टीच्या थोडं आधी, सकाळी वर्कशॉपचं कुलूप काढत असताना काकांचा फोन आला. त्या दिवसानंतर आम्ही बोललो नव्हतो. मागे टपरीवरचे आवाज येत होते, म्हणजे ते थांब्यावरच होते. त्यांनी माझी चौकशी केली नाही.

"खिडकीत तो दिसतो आता रोज. तू दिली?"

"हो, काका."

"रिटायर न होता?"

मी हो म्हटलं. पलीकडे बसचा हॉर्न वाजला, ओळखीचा.

"अशी मधीच देता येती व्हय रे ती," काका म्हणाले. "मला नाय सुचलं."

मला गलबलून आलं. पोरं माझ्यामागे दाराशी येऊन उभी होती. पलीकडे बस निघून गेल्याचं ऐकू आलं, आणि तरी काकांनी फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही.