ढगे सरांचं अक्षर आणि आमचा डिफॉल्ट फॉन्ट

नागोराव ढगे सरांनी माझा पहिला नकाशा हातात घेतला आणि सरळ फरशीवर टाकला. मला वाटलं, फेकला. आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा कोर्स करून मी सोनपेठहून एसटीनं परभणीला आले होते, सरांच्या ऑफिसात नोकरी मागायला. सरांनी चपला काढल्या, हात मागं बांधले आणि नकाशाच्या कडेला उभे राहून म्हणाले, "मिस्त्री नकाशा टेबलावर ठिवून वाचीत न्हाई, पोरी. विटांच्या ढिगावर टाकतो आन् उभ्यानं बघतो. तुझं हे मुंगीएवढं अक्षर त्याला दिसंल का?" माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सरांनी चहा मागवला, आणि चहा संपायच्या आत मला नोकरीवरही ठेवलं.

आज सर पंचाहत्तरीत पदार्पण करत आहेत. गौरवग्रंथाच्या संपादकांनी 'आनंदाचं लिहा' असं बजावलं आहे. प्रयत्न करते. पण मला जे सांगायचं आहे त्यात हळहळच जास्त आहे, तेव्हा त्यांनी आणि सरांनीही सांभाळून घ्यावं.

घरं, गोदामं, शाळा, सभागृहं यांचे नकाशे आमच्या ऑफिसात निघत. बाकीच्या ऑफिसांतून नकाशावरच्या सूचना इंग्रजीत जात. सर त्या मराठीत लिहीत. त्यांचं अक्षर उभं, मोकळं, कुठंही घाई नाही. पट्टी न लावता ओढलेली शिरोरेषा अशी सरळ, की आम्ही मागून पट्टी लावून बघायचो आणि तोंडं पाडून परत जागेवर बसायचो. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी सर आमच्याकडून अक्षरं गिरवून घेत. कागदावर ऑफिसचं नाव झाकलेलं असलं तरी मिस्त्री लोक म्हणत, "ह्यो ढगे सायबाचा दिसायलाय." मलाही पुढं त्यांच्यासारखंच अक्षर वळलं. एकदा सरांनी माझाच कागद स्वतःचा समजून त्यावर सही केली, त्या दिवशी मी अख्ख्या ऑफिसला भजी खाऊ घातली.

सरांचा धाक होता, पण माया त्याहून जास्त. माझी मुलगी झाली तेव्हा काम सुटतं की काय या काळजीनं मी बेजार होते. एक दिवस दारात ऑटो थांबला, आणि त्यातून माझा ड्रॉइंग बोर्ड उतरला! ऑफिसात कुणी विचारलं की सर सांगत, "बोर्ड दुरुस्तीला गेलाय." तो बोर्ड मुलगी रांगायला लागेपर्यंत दुरुस्तीतच होता. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, डिंकाचे लाडू घेऊन येत आणि जाताना तयार नकाशे घेऊन जात.

मग कॉम्प्युटर आले. बोर्ड गेले, शाईची पेनं गेली. नवा नकाशा उघडला की आपोआप जे अक्षर येतं, तो डिफॉल्ट फॉन्ट कोणता ठेवायचा यावरून ऑफिसात रोज वाद. एक फॉन्ट लग्नपत्रिकेसारखा वाटे, एक इतका बारीक की झेरॉक्समध्ये नाहीसा होई. अनिल नावाचा आमचा सहकारी, पूर्ण्याच्या रेल्वे कॉलनीत वाढलेला, कॉम्प्युटरवर भलताच हुशार. त्यानं कुणाला न सांगता सरांचे जुने ट्रेसिंग कागद स्कॅन केले, एकेक अक्षर सोडवून घेतलं आणि त्यांचा फॉन्ट बनवला. सरांच्या साठीच्या दिवशी आम्ही त्यांना स्क्रीनसमोर बसवलं. फॉन्टच्या यादीत नाव होतं, 'ढगे'.

सर एका बोटानं टाइप करत. त्यांनी आधी काकूंचं नाव लिहिलं. समोर त्यांचंच अक्षर उमटलं. खुर्ची पुढं ओढून ते म्हणाले, "आरं, हे मी कधी लिव्हलं?" त्या दिवसापासून 'ढगे' हाच आमचा डिफॉल्ट फॉन्ट ठरला, आणि आम्ही सगळे हवेत.

पुढं जे झालं ते मानवतजवळच्या एका खेड्यात. सभागृहाचं काम होतं. ठेकेदारानं नकाशाची फाइल मागितली, आम्ही पाठवली, त्यानं तिकडंच प्रिंट काढली. छज्जा भिंतीतून बाहेर आलेला असतो, त्याला खालून आधार नसतो. म्हणून त्याची मुख्य सळई वरच्या बाजूला ठेवावी लागते. तशी ठळक सूचना नकाशावर होती. पण अनिलनं सरांची अक्षरं इंग्रजी कळांवर बसवली होती, आणि ठेकेदाराच्या कॉम्प्युटरवर आमचा फॉन्ट नव्हता. तिथं मराठीच्या जागी नुसती एबीसीडीची खिचडी उमटली होती.

काँक्रीट पडायच्या आधी स्वतः जाऊन बघायचं, हा सरांचा शिरस्ता. मी सोबत होते. छज्ज्याची सळई खाली बांधलेली! तसंच काँक्रीट ओतलं असतं तर खालच्या फळ्या काढताक्षणी छज्जा माणसांच्या अंगावर आला असता. सरांनी विचारलं, "सूचना वाचली न्हाई का?" मिस्त्री कागद पुढं करत म्हणाला, "सायब, आमाला वाटलं विंग्रजी हाय. सुपरवायझर सायबाला येत आसंल." सुपरवायझर म्हणाला, "सर, मला वाटलं काहीतरी डिझाइनचा कोड आहे." आपल्याला इंग्रजी येत नाही हे कळेल म्हणून दोघंही गप्प! आपल्याकडं इंग्रजी दिसलं की माणसं विचारायचीच थांबतात. सर कुणावर ओरडले नाहीत. सगळी सळई वर बांधून होईपर्यंत उन्हात उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ऑफिसात पोचलो तर सर कॉम्प्युटरसमोर बसलेले. एका बोटानं त्यांनी 'ढगे' काढून टाकला होता आणि प्रत्येक कॉम्प्युटरसोबत येणारा साधा मराठी फॉन्ट डिफॉल्ट केला होता. जोडाक्षरं बेढब, मात्रा कुठंतरी टांगलेल्या, पण कुणाच्याही मशिनवर दिसेल असा. अनिल कळवळून म्हणाला, "सर, फाइल देऊच नका ना, आपण इथूनच प्रिंट देऊ." सर म्हणाले, "लोक फाइलच मागायलेत. उद्या आणखी मागतील." मी चक्क भांडले. म्हटलं, "सर, अक्षर बघून लोक तुमचा नकाशा ओळखतात!"

"वळखून काय करायचंय?" सर म्हणाले. "वाचता आला पाहिजे."

सर बरोबर होते. हीच तर पंचाईत आहे. चुकले असते तर मी आजही भांडत राहिले असते. स्वतःचं अक्षर स्वतःच्या हातानं पुसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्यांना ते पुसावं लागलं याचं वाईट वाटायचं काही केल्या थांबत नाही.

पुढं सोयी झाल्या. आता नकाशा अक्षरांसकट कुठंही जसाच्या तसा पाठवता येतो. 'ढगे' पुन्हा आणता आला असता. पण जुना फॉन्ट नव्या मशिनवर चालेना, ट्रेसिंगचे गुंडाळे वाळवीनं खाल्ले, अनिल पुण्याला गेला. अक्षरं नव्यानंच काढून घ्यायची म्हणून गेल्या हिवाळ्यात मी कागद-पेन घेऊन सरांच्या घरी गेले. सरांच्या उजव्या हाताला कंप सुटला आहे, हे मला तिथं गेल्यावर कळलं. तरी त्यांनी 'क' काढला. शिरोरेषा ओढताना हात दोनदा थांबला. काकू उठून आत गेल्या.

सरांनी पेन माझ्यापुढं केलं. "तू लिही. तुझं माझ्यासारखंच हाय."

मी लिहिलं. इतकी वर्षं मी फक्त टाइप केलं आहे, सही सोडून हातानं काही लिहिलेलं नाही. सरांनी कागद हातात घेतला, लांब धरून पाहिला, आणि अगदी मायेनं म्हणाले, "तुझाबी हात गेला की गं."

सर, त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही, म्हणून इथं देते. त्या भेटीपासून मी रोज सकाळी ऑफिस उघडल्यावर कॉम्प्युटर लावायच्या आधी अक्षरं गिरवायला बसते. अजून 'क' सुद्धा धड येत नाही. गोळ्या वेळेवर घ्या, काकूंचं ऐका, उन्हात साइटवर जाऊ नका. तुमच्या पसंतीला उतरेल असं अक्षर माझ्या हातून होईपर्यंत तुम्हाला ठणठणीत राहावंच लागेल. आणि मी लय हळू शिकते, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?