कपाटाची किल्ली

नऊ शिक्षकांच्या टाचणवह्या मी म्हशीच्या पाण्याच्या डोणीत पाडल्या, हे आधीच कबूल करतो. साल १९७४. मी कोल्हापुरातल्या एका हायस्कूलचा हेडमास्तर. पुढच्या आठवड्यात कुठला धडा कसा शिकवणार, ते प्रत्येकानं टाचणवहीत लिहायचं आणि शनिवारी मी त्या वह्या घरी नेऊन लाल शाईनं सही ठोकायची, असा रिवाज होता. त्या शनिवारी गठ्ठा कॅरिअरला लावून निघालो. वाटेत दूधकट्ट्यावर, जिथं गवळी समोर म्हैस पिळून पेला हातात देतात, धारोष्ण दुधाचा मोह झाला. पेल्याकडे हात लांबवला, कोपर सायकलला लागलं आणि सायकल वह्यांसकट डोणीत.

"मास्तर," गुंडू गवळी म्हणाला, "म्हशीला शाळंत घालायचं हुतं तर आदी सांगायचं की! एकदम नववीची वही दिलीसा व्हय?"

शाई सुटून पाणी निळं झालं. म्हशीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. त्या वह्यांवर इतकं स्पष्ट मत आजवर कुणी दिलं नव्हतं.

खरी काळजी पोवार सरांची होती. कृष्णात पोवार बिद्रीकडच्या शेतकरी घरातले, बी.एस्सी. झालेले, बारा वर्षं आमच्याकडे विज्ञान शिकवत होते. शिकवत होते म्हणजे पुस्तक फळ्यावर उतरवत होते. प्रकाशाचे सात रंग पांढऱ्या खडूनं शिकवणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. रेघा सात, सगळ्या पांढऱ्या, बाकीचं पोरांनी समजून घ्यायचं. पोरं डुलक्या घेत. सरांनीही घेतल्या असत्या, पण उभ्यानं जमत नसावं. गेल्या तपासणीत शिक्षणखात्याच्या साहेबांनी शेरा मारला होता: 'सुधारणा न दिसल्यास नववीचे विज्ञान काढून घेऊन सूतकताई द्यावी.' पुढची तपासणी पंधरा दिवसांवर होती आणि पोवारांच्या वहीची डोणीत खीर झाली होती.

सोमवारी मी स्टाफरूममध्ये सगळं सांगून टाकलं. पुन्हा लिहा म्हणायला तोंड नव्हतं. म्हटलं, "तपासणीपर्यंत टाचण नको. आपापल्या मनानं शिकवा."

बाकीचे चहाला गेले. पोवार सर थांबले.

"मनानं म्हंजे?"

"म्हणजे तुम्हाला वाटेल तसं."

"मी चुकलो तर?"

"वह्या मीच बुडवल्या ना? मग तेही माझ्याच नावावर."

 त्यांनी हात पुढे केला. "तर मग कपाटाची किल्ली द्या."

हे कपाट प्रयोगाच्या साहित्याचं. किल्ली हेडमास्तरांच्या खिशात, हवी असेल तर दोन दिवस आधी लेखी अर्ज. माझ्या आधीच्या हेडमास्तरांच्या काळात कधीतरी एक थर्मामीटर फुटला होता, तेव्हापासूनचा नियम. तो मी तेरा वर्षं मोठ्या निष्ठेनं सांभाळला होता.

"परत कधी द्याल?" किल्ली देता देता मी विचारलंच. सवय!

"बघू की."

त्यानंतर नववीच्या वर्गातून आवाज यायला लागले. एकदा पत्र्याचा डबा फुटल्यासारखा आवाज झाला म्हणून मी धावत गेलो. हवेच्या दाबानं डबा चेपला होता आणि पोरं "सर, आनि एकदा!" म्हणून ओरडत होती. मी आल्या पावली परत फिरलो. हे परत फिरणं मला फार जड गेलं.

तपासणीच्या दिवशी साहेब मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. पोवार सरांनी खिडकीच्या कवडशात लोलक धरला, आणि सातही रंग साहेबांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर उतरले. पोरं फिस्सकन हसली. साहेब बाजूला सरकायला लागले.

"साहेब, हलू नगा!" पोवार सर गरजले. "जांभळा कुठं हाय, पोरांनो?"

"साहेबांच्या खिशावर!"

साहेब तास संपेपर्यंत हलले नाहीत. मग म्हणाले, "टाचण?"

"ते काय झालं..." मी सुरुवात केली.

"न्हाई लिवलं, साहेब," पोवार सर म्हणाले. "भिजलं. पुन्हा लिवा असं हेडमास्तर म्हणाले न्हाईत, आनि मीबी लिवलं न्हाई."

 साहेबांनी सदऱ्याकडे पाहिलं, जणू रंग अजून चिकटलेत, आणि लिहिलं: 'टाचण नाही. अध्यापन उत्तम. विज्ञान यांच्याकडेच ठेवावे.'

शाळा सुटल्यावर पोवार सर कपाटासमोर बसून फडक्यानं लोलक पुसत होते. मला राहवलं नाही.

"पोवार सर, एवढं सगळं येत होतं, तर बारा वर्षं दाखवलं का नाही?"

त्यांनी मान वर केली नाही.

"किल्ली तुमच्या खिशात हुती की."