कमी ढेकर देणारा रेडा

नोकरीच्या पहिल्याच दिवशी साहेबांनी मला एक शब्द वापरायला बंदी घातली. बारामतीच्या बाहेर, कालव्याच्या अलीकडे आमच्या प्रकल्पाचा गोठा होता आणि गोठ्यात सगळे रेडे. ते लवकर कसे वाढतील आणि वाढताना मिथेन वायू कमी कसा सोडतील हे शोधायचं होतं. त्यासाठी नुकत्याच पास झालेल्या मला, एका पशुवैद्य बाईला, घेतलं होतं. मी सहज विचारलं, "सर, मांसासाठी विकायचे तर कोणत्या वयाचे धरायचे?"

साहेबांनी आधी दाराकडे बघितलं.

"मॅडम, हा शब्द इथं नको. आपण वजनवाढ म्हणतो."

"पण वाढलेलं वजन शेवटी जाणार कुठं?"

"तो आपला विषय नाही."

रेडा विकायला, कापायला कायद्याची आडकाठी नाही. तरी आमच्या प्रकल्पात रेडा नुसता वाढायचा. वाढून पुढं त्याचं काय व्हायचं हे विचारणं असभ्य समजलं जायचं. माझं आडनाव ऐकल्याबरोबर माझ्या माहेरी काय शिजत असेल हे साहेबांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. त्यांचा अंदाज बरोबर होता. आमच्या इंदापूरच्या घरी मोठ्याचं, म्हणजे म्हशी-रेड्याचं, मटण शिजायचं आणि त्याचा वास शेजारी जाईल म्हणून आईनं कधी खिडकी लावली नाही. साहेब मात्र दुपारी डबा खाताना त्यांची खुर्ची माझ्यापासून थोडी लांब सरकवायचे आणि मग पोषणावर बोलायचे.

मला खरा राग होता तो दुसऱ्याच गोष्टीचा. आमच्याकडे घरोघर म्हशी. रेडी झाली तर पेढे वाटतात. रेडकू नर निघालं तर त्याला आईच्या सडाशी घटकाभर लावतात आणि लगेच ओढून बाजूला बांधतात. दूध डेअरीला जातं. ते रेडकू गोठ्याच्या मागं उन्हात हंबरत राहतं आणि काही दिवसांत गप्प होतं. ही मंडळी मांसाचं नाव काढलं की कानांवर हात ठेवतात. त्या रेडकांना नीट खायला घालून वाढवायचं, चांगल्या बापाची पैदास करायची, हा प्रकल्पाचा मूळ विचार मला पटला होता. म्हणून मी टिकले.

साहेबांचा जीव मात्र यंत्रात होता. ते यंत्र म्हणजे एक मोठी पेटी. रेड्यानं आत तोंड घातलं की पेंडीच्या गोळ्या पडायच्या, आणि तो खात असताना त्याचा श्वास आणि ढेकर पंख्यानं ओढून त्यातला वायू मोजला जायचा. बघायला पाहुणे यायचे. गाडीतून उतरले की पहिल्यांदा ते रेड्याच्या शेपटीकडे जायचे आणि एकमेकांकडे बघून हसायचे. मग मी सांगायची, की जनावराच्या कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या सगळ्यात मोठ्या कप्प्यात, चारा आंबतो, तिथले जंतू मिथेन तयार करतात आणि जनावर तो तोंडावाटे ढेकरातून सोडतं. पाहुणे गंभीर व्हायचे. "म्हणजे हवामान बिघडायला ही जनावरंच जबाबदार," असं एखादा म्हणायचा. तेव्हा बाहेर त्यांच्या गाड्या सुरूच असायच्या, परत जाताना आत गार राहावं म्हणून.

त्या गोठ्यात दोन रेडे माझ्या डोळ्यांत भरले होते. एक काळाभोर, रुंद छातीचा. टाकलेलं सगळं खायचा आणि रिकाम्या गव्हाणीत नाक घासत बसायचा. आम्ही त्याला मोठा म्हणायचो. दुसरा दिसायला देखणा, पण खायला नखरेल. चार घास घेतले की मान फिरवायचा. तो बारका. दोघं एकाच वयाचे. यंत्रावर बारक्याचा आकडा रोज सगळ्यांत कमी आणि मोठ्याचा सगळ्यांत जास्त.

एके दिवशी साहेब हसत आत आले. "मॅडम, आपला रेडा सापडला." त्यांचं बोट बारक्याकडे होतं.

"सर, तो कमी खातो म्हणून कमी सोडतो," मी म्हणाले. "त्याची वाढ बघा. मोठा रोज जास्त सोडतो, पण तो लवकर तयार होईल आणि जाईल. हा अजून कितीतरी महिने दावणीला राहील, आणि राहील तितके दिवस ढेकर देत राहील. एकूण वायू वाढलेल्या वजनानं भागला तर हाच जास्त निघतो."

"लोकांना आकडा समजतो, मॅडम. भागाकार समजत नाही."

"सारखंच खाऊन, सारखंच वाढून कमी वायू सोडणारे रेडेही असतात, सर. तो गुण थोडाफार बापाकडून पोरांत उतरतो. पण ते ओळखायला पोरांची वाढ बघावी लागेल. वेळ लागेल."

"पाहणी समिती पुढच्या वर्षाअखेर येतेय," साहेब म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता.

आठवड्याभरात गोठ्यावर बारक्याचा फ्लेक्स लागला. 'हरित रेडा' असं वर लिहिलेलं. फोटोत बारक्याच्या बाजूला साहेब, आणि साहेबांचा चेहरा रेड्यापेक्षा मोठा. म्हशी कृत्रिम रेतनानं भरवायला बारक्याच्या गोठवलेल्या रेताच्या कांड्या गावोगाव गेल्या आणि मोठ्याच्या कांड्या काढायचं बंद झालं.

पळसदेवला धरणाच्या पाण्याकडेला एका आबांचं रान होतं. ऊस, थोडा मका आणि तीन म्हशी. आमच्या प्रकल्पातले ते शेतकरी. त्यांची म्हैस माजावर आल्याचा फोन आला म्हणून मी कांडी घेऊन गेले.

"ह्यो कुठल्या रेड्याचा माल म्हणायचा, बाई?"

"त्या फ्लेक्सवरच्या. आबा, खरं सांगते, याची पोरं सावकाश वाढतील."

"मग त्यो दुसरा हाय की, काळा. त्याचा आना."

"त्याचा मिळत नाही. साहेबांनी बंद केलाय."

आबांनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली. "साहेबाला काय म्हस राखायचीय? आता माजावर हाय, ही पाळी सोडली तर आमचंच नुकसान. घाला काय आसंल ते."

रेडकू नरच झालं. आबांनी त्याला दूध पाजलं. प्रकल्पाकडून पेंड मिळत होती म्हणून पाजलं हे खरं, पण पाजलं. ते बापासारखंच निघालं. सुरेख डोळे, तुळतुळीत अंग आणि चार घास खाऊन मान फिरवणं. शेजारच्या गोठ्यातलं साध्या गावरान रेड्याचं रेडकू त्याच्यापुढं गेलं. मी महिन्याला वजन करायची आणि आबा वजनकाट्याकडे न बघता म्हणायचे, "हाय तितंच हाय न्हवं?"

समिती आली तेव्हा साहेबांनी तेच रेडकू टेम्पोत घालून मांडवात आणवलं. गळ्यात झेंडूची माळ. आबांना प्रगतशील शेतकरी म्हणून वर बोलावून शाल दिली. समितीतल्या एका वयस्कर बाईंनी साधा प्रश्न विचारला, "याचं वजन किती आहे?"

साहेब तत्काळ म्हणाले, "वजन हा आपला मुद्दाच नाही. पर्यावरण हा मुद्दा आहे."

मी दोन खुर्च्या सोडून बसले होते. उठून उभी राहिले आणि वजन सांगितलं. याच वयाच्या गावरान रेडकाचंही सांगितलं. हा रेडा तयार व्हायला जो उशीर लागेल त्यात वाचवलेला वायू सगळा परत निघून जाईल, तेही सांगितलं. बाईंनी मान डोलावली. बाकीचे जेवणाच्या मंडपाकडे बघत होते. पुरणपोळी होती. साहेबांनी माइक हातात घेतला आणि तरुण शास्त्रज्ञांच्या उत्साहाचं कौतुक केलं. टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांइतका माझा अपमान आजवर कोणी केलेला नाही.

परतीच्या टेम्पोत मी आबांशेजारी बसले. शाल उलगडून बघत ते म्हणाले, "लोकर न्हाय. पर थंडीला म्हातारीला हुईल."

दुसऱ्या दिवशी मला वायुमापनातून काढून कार्यालयात बसवलं आणि मोठ्याला गोठ्यातून हलवायचा हुकूम निघाला. एवढं खाणारं जनावर हरित प्रकल्पात शोभत नव्हतं. नको असलेला रेडा प्रकल्पातल्या शेतकऱ्यांना देता येत होता. मी आबांना फोन केला. ते म्हणाले, "एकल्याला झेपायचा न्हाय. गावात विचारतो." संध्याकाळी त्यांचाच फोन आला. गावातले चार-पाच जण मिळून रेडा ठेवायला तयार झाले होते. चारा पाळीपाळीनं घालायचा, राहणार आबांकडे.

मोठा पळसदेवला गेला. कांडी नाही, यंत्र नाही. म्हशी त्याच्याकडे यायला लागल्या, आधी गावातल्या, मग शेजारच्या गावांतल्या. मी सुट्टीच्या दिवशी जाऊन गाभण म्हशी तपासायची. पुढच्या वर्षी त्याची रेडकं झाली तेव्हा कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. एकेक खायला नुसतं तुटून पडायचं. आबांच्या म्हशीला झालेला नर तर बारक्याच्या पोरापेक्षा वयानं कितीतरी लहान असून उंचीनं त्याच्या बरोबरीला आला.

साहेबांच्या कानावर गेलंच. एके सकाळी ते फोटोवाल्याला घेऊन पळसदेवला आले. मोठ्याच्या त्या पोराच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले आणि मला म्हणाले, "बघा, आपल्या प्रकल्पाचं फळ."

"सर, हा मोठ्याचा आहे. तुम्ही काढून टाकलेल्या."

"पण प्रकल्पातलाच ना," असं म्हणून ते फोटोवाल्याकडे वळले. "उकिरडा येऊ देऊ नका."

आबा दाराशी उभे राहून बघत होते. साहेब गेल्यावर म्हणाले, "ह्यास्नी पगार कशाचा मिळतो वो, बाई?"

साहेब त्या फोटोवर बढती घेऊन पुण्याला गेले. प्रकल्पाची मुदत संपली, पेटी कोपऱ्यात ताडपत्रीखाली गेली आणि मी इंदापूर तालुक्यातल्या दवाखान्यात रुजू झाले. बारका कुठं गेला ते मी विचारलं नाही. त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

आबांनी मोठ्याचा पहिला नर विकला त्या दिवशी मी तिथं होते. व्यापाऱ्याचा टेम्पो दारात लागला होता. आबांच्या बायकोनं रेड्याच्या तोंडात भाकरी दिली, कपाळावर हात फिरवला आणि आत गेली. आबांनी स्वतः दोर धरून त्याला चढवलं. तो अडला नाही, कारण टेम्पोत समोर हिरवा मका टाकलेला होता. टेम्पो रस्त्याला लागेपर्यंत आम्ही दोघं उभे होतो. इतकं खाऊन, इतका वाढून गेलेला तो माझ्या पाहण्यातला पहिलाच नर होता.

"चला," आबा म्हणाले, "धाकटी म्हस आज-उद्या व्यायला झालीय. तेवढी बघून जावा."

मी बॅग उचलली आणि त्यांच्या मागं गोठ्यात गेले.